पावणेदोन मिली

माझ्या धाकट्या बहिणीनं मला रसायनशास्त्रातला पहिला प्रश्न विचारला, तेव्हा तिची मुलगी दीड महिन्याची होती आणि तिचं वजन तीन किलोच्या पुढं सरकत नव्हतं.

मी शिरूरला राहते आणि न्हावऱ्याच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. बहीण माझ्याहून बरीच लहान. दहावीला गणितात काठावर पास झाली, त्या दिवशी तिनं कंपासपेटी शेजारच्या पोरीला देऊन टाकली. "आता आकड्यांचं तोंड बघायचं नाही," म्हणाली आणि आर्ट्सला गेली. पुढं लग्न होऊन कासुर्डीला. नवऱ्याचा दुधाचा टेम्पो. पहाटे निघून वाड्यावस्त्यांवरचे कॅन भरायचे आणि डेअरीला पोचवायचे. मी त्यांना दाजी म्हणते. अबोल माणूस, पण कष्टाळू. घरात तिसरी माझ्या बहिणीची सासू. बहीण तिला आत्या म्हणते, मी मावशी.

मुलगी जन्मली तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. महिनाभरानं ती अंगावर पिताना धापा टाकायला लागली. चार घोट घेतले की कपाळावर घाम यायचा आणि ती तोंड बाजूला करून झोपून जायची, उपाशीच. दौंडच्या बालरोगतज्ज्ञांनी छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. मग पुण्याला पाठवलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक होतं. ऑपरेशन करून बुजवता येणार होतं, पण एवढ्याशा जिवाला ते झेपणार नव्हतं. वजन साडेचार किलो होऊ द्या, म्हणाले. तोवर गोळ्या. दर पंधरवड्याला दौंडला वजन करायचं आणि त्याप्रमाणे डोस बदलून घ्यायचा.

पुण्याहून परत आल्या दिवशीच तिचा फोन आला.

"ताई, दहा मिलिग्रॅमची गोळी पाच मिली पाण्यात विरघळवायची, आन् त्यातलं दीड मिली बाळाला द्यायचं. असं सांगितलंय. पण सिरिंजवर मिली न्हाईच. सी.सी. लिहिलंय. एका मिलीचे किती सी.सी.?"

"एकच. एक मिली म्हणजेच एक सी.सी."

"नक्की?"

"अगं, नक्की. नावं दोन, माप एकच."

"मग दोन नावं ठेवली कशाला?"

वर्गात ह्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर आहे. एक सेंटिमीटर लांब, एक रुंद, एक उंच अशी डबी मी फळ्यावर काढते, मग तशा हजार डब्या एका लिटरच्या खोक्यात भरून दाखवते. पण फोनवर मागं बाळ रडत होतं. मी म्हटलं, "रविवारी येते. तोवर एक म्हणजे एक."

शिरूरहून कासुर्डीला जायचं म्हणजे न्हावरं सोडून पारगावला भीमेचा पूल ओलांडायचा, चौफुल्याला हायवे धरायचा आणि यवतच्या पुढं जायचं. उसाचे दिवस होते. दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, आणि मी स्कूटीवर त्यांच्या मागं.

स्वयंपाकघरात फरशीवर आम्ही बसलो. मधे स्टीलची वाटी, दोन सिरिंजा, उकळून गार केलेलं पाणी आणि गोळ्यांची पट्टी. मावशी चुलीपाशी उभ्या होत्या, दाजी उंबऱ्यात.

"गोळीचे तुकडे करून का नाही द्यायचं?" बहिणीनं विचारलं.

"तिला तीन मिलिग्रॅम हवंय. दहाच्या गोळीतून नेमकं तीन कापून दाखव."

ती गोळीकडं बघत राहिली. शेंगदाण्याच्या निम्मी गोळी.

"म्हणून पाण्यात मिसळायची," मी म्हटलं. "औषध पाण्यात सगळीकडं सारखं पसरतं. पाच मिलीत दहा मिलिग्रॅम, तर एका मिलीत किती?"

"दोन."

"आणि तीन हवं असेल तर?"

तिचे ओठ हलले. बोटं मांडीवर हलली. "दीड मिली."

"झालं. औषध डोळ्यांना दिसत नाही, ते मोजता येत नाही. पाणी मोजायचं. पाण्याबरोबर तेही मोजलं जातं."

उंबऱ्यातून दाजी म्हणाले, "दुधात पाणी घातलं की फॅट कमी लागतं, तसंच हाय ना ह्ये?"

"तसंच. फॅट कुठं जात नाही. तेवढंच असतं, पण जास्त लिटरमधे पसरतं."

"मग आमच्या धंद्यात समदे ह्या गणितात पास हायेत," ते म्हणाले आणि हसले. त्या दिवसांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

गोळी दोन चमच्यांमधे दाबून पूड केली, पाणी घातलं, ढवळलं. आणि मग मीच वाटीवर वाकले. वाटीच्या तळाशी पांढरा गाळ बसत होता. माझ्या प्रयोगशाळेत मीठ टाकलं की दिसेनासं होतं, वरचा थेंब आणि तळाचा थेंब सारखा. इथं गोळीत औषधाबरोबर खडूसारखं काहीतरी होतं, आणि औषध पाण्यात किती उतरलं, गाळात किती राहिलं, हे मला सांगता येईना. मी दवाखान्यात फोन लावून विचारलं. तिकडच्या सिस्टर म्हणाल्या, "बरोबर आहे, थोडं खाली बसतं. ढवळायचं आणि ढवळता ढवळताच ओढायचं. उरलेलं ठेवायचं नाही. दर वेळी नवी गोळी." ते बहिणीनं चार वेळा माझ्याकडून वदवून घेतलं.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी सिरिंज हातात घेऊन उलटसुलट केली. "हितं रंगाची रेघ मार," त्या सुनेला म्हणाल्या. "तुला झोप लागली तर मला कळाया पायजे कुठवर भरायचं ते." बहिणीनं नेलपॉलिशची बाटली आणली आणि दीडवर लाल रेघ ओढली.

नंतरचे काही आठवडे सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकच काम. पूड, पाणी, ढवळणं, रेघेपर्यंत भरणं, गालाच्या आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडणं. मुलगी हळूहळू वाढत होती. दौंडच्या काट्यावर तीनचा आकडा मागं पडला, मग साडेतीन झालं. डॉक्टरांनी डोस साडेतीन मिलिग्रॅमवर नेला. बहिणीनं फोन केला तो विचारायला नव्हे, सांगायला.

"पावणेदोन मिली होतात ताई. एक पॉइंट सात पाच. मी नवी सिरिंज आणली आन् नवी रेघ मारली. जुनी टाकून दिली, चुकून हातात येऊ नये म्हणून."

मी फोन ठेवला आणि स्टाफरूममधे एकटीच हसले. कंपासपेटी देऊन टाकणारी हीच का, असं वाटलं.

त्याच सुमाराला अकरावीला डायल्यूशन, म्हणजे द्रावण पातळ करायचं गणित, चालू होतं. एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू. पोरं सूत्र पाठ करतात आणि आकडे कोंबतात. एकानं फळ्यावर गणित सोडवलं, उत्तर आलं सतरा पॉइंट पाच मिली. यायला हवं होतं एक पॉइंट सात पाच. लिटरचे मिली करताना एक शून्य जास्त पडलं होतं. मी म्हटलं, चुकलंय. तो खडू झटकत म्हणाला, "मॅडम, फक्त पॉइंटच चुकलाय."

मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर दारात आले. "फक्त पॉइंट? फक्त?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. पोरगा खाली बघत जागेवर गेला. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. त्यांना काय सांगणार होते मी? फळा पुसला आणि तेच गणित परत पहिल्यापासून, सावकाश सोडवलं.

एका दुपारी कॉलेजात असतानाच तिचा फोन आला. आवाज धावून आल्यासारखा.

"ताई, ऐक. गोळीची पट्टी बदललीय. आधीच्या पट्टीवर दहा होतं, हिच्यावर वीस हाय. मेडिकलवाल्यानं यांना काल सांगितलं होतं म्हणं, दहाच्या संपल्यात, वीसच्या न्या आन् प्रमाण डॉक्टरला विचारा. हे विसरले. आता दुपारची करायला घेतली तवा मला दिसलं. पाच मिलीत घातली तर एका मिलीत चार होतील ना?"

"होतील."

"मग मी दहा मिलीत घालते. म्हंजी परत एका मिलीत दोन. पावणेदोनची रेघ तशीच राहील. बरोबर?"

"एकदम बरोबर. तरी दौंडला फोन करून डॉक्टरांना विचारून घे."

"घेते. बरं झालं बाई बघितलं. नाहीतर दुप्पट गेलं असतं पोरीला."

शेवटचं वाक्य ती मला बोलली तसंच बहुतेक दाजींनाही, कारण मागं ते काहीतरी बोलल्याचं आणि मग टेम्पो सुरू झाल्याचं ऐकू आलं. मला तेव्हा त्यात काहीच वाटलं नाही. मी तिचं कौतुक करत होते. म्हटलं, माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना हे सुचलं नसतं.

दौंडच्या डॉक्टरांनीही तेच प्रमाण सांगितलं. मुलगी बाळसं धरत होती असं नाही म्हणता येणार, पण आता ती माणसाकडं बघून हसायची. मावशींचं बोट धरून ठेवायची. वजन पावणेचारला टेकलं. पुण्याहून ऑपरेशनची भाषा सुरू झाली होती.

मग थंडी वाढली. आधी मावशींना सर्दी झाली. त्या बाळापासून लांब बसायला लागल्या, पदर तोंडावर धरून वावरू लागल्या. तरी दोन-तीन दिवसांनी बाळाचं नाक वाहायला लागलं. एका दुपारी तिनं दूध ओढणं सोडून दिलं आणि तिच्या बरगड्या श्वासागणिक आत जायला लागल्या. दाजींनी टेम्पोतले कॅन रस्त्याकडेला उतरवले आणि तिघींना घेऊन दौंड गाठलं, कारण तिला जन्मापासून ओळखणारे डॉक्टर तिथं होते.

मला फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकल घेत होते. तशीच निघाले. पोचले तेव्हा डॉक्टर ॲम्ब्युलन्सवाल्याशी फोनवर बोलत होते; पुण्याला हलवायचं होतं. काचेतून मला बाळाचे पाय दिसत होते, तेवढेच. बाकी सगळं नळ्यांनी आणि माणसांनी झाकलं होतं. बहीण बाहेर बाकड्यावर बसली होती. तिच्या मांडीवर प्लास्टिकचा डबा होता. त्यात वाटी, चमचे, सिरिंज, गोळ्या.

मला बघून ती म्हणाली, "ताई, दुपारचा डोस राहिलाय. ते देऊ देत नाहीयेत मला."

मी तिच्याजवळ बसले. "आता डॉक्टर देतायत तिला, शिरेतून," मी सांगितलं.

"किती देतायत? वजन पावणेचार हाय, साडेतीन नव्हं. सांग त्यांना."

मी आत जाऊन सांगितलं. खरंच जाऊन सांगितलं. नर्सनं माझ्याकडं बघून मान हलवली. ॲम्ब्युलन्स आवारात आली तेव्हा डॉक्टर बाहेर आले, आणि त्यांनी ड्रायव्हरला हातानंच थांब म्हणून खूण केली. ती खूण आम्हा सगळ्यांना कळली.

कासुर्डीला शेताच्या कडेला तिला पुरलं. दाजींनी कुणाला कुदळ धरू दिली नाही.

मी आठवडाभर तिथंच राहिले. माणसं येत होती, बसत होती, जात होती. बहिणीच्या छातीत दूध दाटलं होतं आणि ताप चढला होता. सूज उतरावी म्हणून मावशी तिला कोबीची पानं बांधत होत्या. रडणं तिला येतच नव्हतं. ती फक्त विचारायची, "ताई, तू परत कर ना सगळं. पहिल्यापासून." मग मी तिच्या शेजारी बसून तोंडी करायची. दहाची गोळी पाच मिलीत, एका मिलीत दोन. तीन हवे, दीड मिली. साडेतीन हवे, पावणेदोन. वीसची गोळी दहा मिलीत, पुन्हा एका मिलीत दोन. ती प्रत्येक पायरीला मान हलवायची. संपलं की थोड्या वेळानं परत, "ताई, परत कर ना."

एका संध्याकाळी जवळची दोन-चार माणसं ओट्यावर बसली होती. दाजींचे चुलते म्हणाले, देवाची मर्जी. दाजी इतके दिवस एक शब्द बोलले नव्हते. ते एकदम म्हणाले, "मर्जीबिर्जी काय न्हाई. त्या सिरिंजीत रोज काय भरलं जायाचं कुणाला ठाऊक? गणितात नापास व्हता व्हता राह्यलेली बाई. तिच्या हातात पोरगी दिली आपण."

बहीण आत दाराशी होती. तिनं ऐकलं. मीही ऐकलं, पण मला उत्तर द्यायची वेळच आली नाही. मावशी उठल्या.

"म्या बघितलंय," त्या म्हणाल्या. "रोज. तिन्ही टायमाला मी म्होरं उभी राह्यलीय. एक दिस रेघंच्या वर गेली न्हाई ती. तू व्हतास का हितं? तू तर दुधावर." मग चुलत्यांकडं वळून, "भावजी, तुम्ही आता घरी जा."

ओटा रिकामा झाला. दाजी अंधारात गोठ्याकडं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "माझं ऐकू नका, तुमच्या आईचं ऐकू नका. डॉक्टरांना विचारा. चला, मी येते." मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेम्पोपाशी येऊन उभे राहिले.

दौंडला डॉक्टरांनी आम्हाला आत बसवलं. मुलीला न्यूमोनिया झाला होता, भोक मोठं असल्यानं फुप्फुसांत आधीच रक्ताचा दाब फार होता, त्यात हे आल्यावर हृदय थकलं. गोळ्यांमुळंच ती एवढे दिवस काढू शकली. "आईनं केलं तेवढं फार थोड्या घरांत होतं," डॉक्टर म्हणाले. मी दाजींकडं बघितलं. हे ऐकायलाच आणलं होतं मी त्यांना.

ते टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होते. मग खाली बघतच म्हणाले, "डॉक्टर, एकदा दुप्पट गेलं असंल तर?"

"दुप्पट? कधी?"

"गोळ्या बदलल्या त्या दिवशी. सकाळी. ही अंघुळीला गेलती, आई गोठ्यात. पोरगी रडत व्हती. मी टेम्पो काढायच्या घाईत. म्हटलं, एवढं काय, मी देतो. नवीन पट्टीतली गोळी पाच मिलीत घातली. लाल रेघेपतुर भरलं आन् दिलं. हिला म्हटलं, सकाळचं दिलंय; तिला वाटलं जुन्या पट्टीतली शेवटची."

रेघ बरोबर होती. पाणी मात्र दुप्पट दाट होतं. मी मनात हिशोब केला नाही, तो आपोआप झाला. पावणेदोन मिलीत सात मिलिग्रॅम.

डॉक्टरांनी विचारलं, "त्यानंतर?"

"त्यानंतर न्हाई. दुपारी हिनंच पट्टी बघितली आन् ताईंना फोन लावला. म्हणाली, बरं झालं बघितलं, न्हाईतर दुप्पट गेलं असतं. मी तिथंच उभा व्हतो."

डॉक्टर पुढं झुकले. "हे बघा. ते होऊन महिना झाला. एका वेळेला एवढं जास्त गेलं तर लघवी जास्त होते, बाळ थोडं सुकतं, एक-दोन दिवसांत सावरतं. त्या आठवड्यात मीच तिला तपासलं होतं, ती चांगली होती. त्यानं ती गेलेली नाही."

"नक्की?"

"नक्की."

दाजींनी मान हलवली, पण ती मान पटल्याची नव्हती. बाहेर आल्यावर ते टेम्पोत बसले आणि किल्ली लावून तसेच बसून राहिले. स्टेशनात गाडी लागल्याची घोषणा चालू होती.

पाटस ओलांडल्यावर मी विचारलं, "मग तिच्यावर का घातलंत?"

मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते.

"मला वाटायचं मीच मारलं," ते शेवटी म्हणाले. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. तोंडातनं निघतच नव्हतं. त्या दिवशी निघालं, ते असं निघालं."

"तिला सांगा. आजच."

"सांगतो."

घरी गेल्यावर ते सरळ आतल्या खोलीत गेले. मी आणि मावशी ओट्यावर बसलो. मी मावशींना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी विचारलंही नाही. त्या मेथी निवडत होत्या, आणि निवडलेली पानं परत निवडत होत्या. आतून आवाज येत नव्हता. भांडणाचा आला असता तर बरं वाटलं असतं. खूप वेळानं बहीण बाहेर आली. तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"ताई, मी येते तुझ्याबरोबर."

मागून दाजी दारापर्यंत आले, तिथंच थांबले. तिनं वळून पाहिलं नाही. मावशींच्या पायाला हात लावला आणि माझ्या स्कूटीवर मागं बसली.

भीमेच्या पुलावर तिनं मला थांबायला सांगितलं. वारा फार होता. ती कठड्याला धरून उभी राहिली, मी तिचा दंड पकडून.

"डोसचं मला काही नाही ताई," ती म्हणाली. "माझ्याकडूनही झालं असतं. रोज तीन वेळा करायचं म्हटल्यावर कुणाकडूनही झालं असतं. पण मी डोळे मिटले की मला ती सिरिंज दिसायची. मी तुला किती वेळा करायला लावलं गं गणित. आन् ह्यांना माहीत होतं. ह्यांना माहीत असून चार माणसांत माझं नाव घेतलं."

तिथं ती पहिल्यांदा रडली. बाळ गेल्यापासूनचं पहिलं रडणं. एक उसाचा ट्रॅक्टर मागून हॉर्न देत आला आणि आम्हाला कडेला सरकावं लागलं.

शिरूरला ती माझ्याकडं उन्हाळाभर राहिली. माझा नवरा कंपनीतून येताना तिच्यासाठी काहीबाही आणायचा, ती ते घेऊन ठेवून द्यायची. घरातलं सगळं काम ती करायची आणि कामात नसली की भिंतीला टेकून बसायची. सुट्टीत मला प्रॅक्टिकलची द्रावणं करून ठेवायची होती, म्हणून एकदा तिला कॉलेजात घेऊन गेले. जरा जागा बदलेल, असं वाटलं. तिनं बाटल्या विसळल्या, लेबलं चिकटवली. मी तिच्या हातात पिपेट दिली आणि म्हटलं, ह्या खुणेपर्यंत भर. तिनं भरली. पाणी अगदी खुणेवर आणून थांबवलं. मग तिनं पिपेट जपून रॅकमधे ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी उरलेलं काम एकटीनं केलं.

दाजींचे फोन येत. ती घ्यायची नाही. ते मला फोन करून विचारायचे, जेवली का, झोपते का. मी सांगायची. एकदा त्यांनी विचारलं, "ताई, त्या डॉक्टरांनी मला बरं वाटावं म्हणून तर न्हाई ना सांगितलं?" मी म्हटलं, नाही, मीही तपासून पाहिलंय, खरंच त्यानं काही झालं नसतं. ते म्हणाले, बरं. पुढच्या फोनवर परत तेच विचारलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी दारात मावशी उभ्या होत्या. एकट्या. चौफुल्याला एसटी बदलून, विचारत विचारत आलेल्या. त्या शिरूरला कधी आल्या नव्हत्या. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. मी पाणी दिलं, चहा टाकला. त्या जमिनीवरच बसल्या, सुनेच्या समोर.

"मी न्यायला आलीय," त्या म्हणाल्या. "त्यानं धाडलं न्हाई. त्याला ठावं बी न्हाई."

बहिणीनं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"त्याच्याशी बोलू नगंस. बोलावं वाटंल तवा बोल, न्हाई वाटलं तर न्हाई. मला घरात करमत न्हाई. मी बी नात गमावलीय गं. मला सोबतीला माणूस न्हाई रडायला."

चहा निवला. त्या दोघी तशाच बसून राहिल्या आणि मी उगाच स्वयंपाकाच्या ओट्यावरची भांडी हलवत राहिले. मग बहीण उठली, आतून तीच कापडी पिशवी आणली आणि तिच्यात तिच्या दोन साड्या भरल्या.

मी दोघींना स्टँडवर सोडायला गेले. गर्दी होती, मावशींना खिडकीपाशी जागा मिळाली, बहीण त्यांच्याशेजारी दाटीनं बसली. एसटी हलली तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली नाही, हातही हलवला नाही. मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवलेला मला दिसला.

त्याला आता काही दिवस झाले. ती कासुर्डीलाच आहे. दाजी दुधावर जातात, ती गोठ्याचं बघते. फोनवर ती मला गायींचं सांगते, मावशींच्या गुडघ्याचं सांगते, शेजारच्या लग्नाचं सांगते. दाजींचं मी विचारलं तर म्हणते, "जेवतात वेळेवर."